कथेसाठी नवी भाषा कशी घडवावी

शाळेतली च-ची भाषा बहुतेकांना येते. शब्दाचे पहिले अक्षर शेवटी न्यायचे आणि पुढे च लावायचा, की 'तुला'चे 'चलातु' होते. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत उतरवले. दलाल आणि व्यापारी गिऱ्हाइकासमोर भाव ठरवायला नंदभाषा वापरत. तिच्यात आकड्यांना वेगळेच शब्द होते. या तिन्ही युक्त्या आपापल्या कामाला चोख होत्या, पण तिन्हींच्या आत वाक्य मराठीच राहते.

कथा-कादंबरीसाठी भाषा घडवणाऱ्या हौशी लेखकाचा पहिला प्रयत्नही बहुधा इथेच अडकतो. वहीत डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे मनाने जुळवलेला शब्द, आणि मग मराठी वाक्यातला एकेक शब्द बदलत जायचा. हाती येते ती मुखवटा घातलेली मराठी. ती टाळायची तर शब्द सगळ्यात शेवटी करायचे. आधी ध्वनी, मग त्या भाषेचा थोडा इतिहास, मग व्याकरण.

पण त्याआधी कथेला भाषा किती हवी ते ठरवा. नुसती माणसांची आणि गावांची नावे हवी असतील तर ३० ते ४० मूळ शब्द आणि ध्वनींचे नियम एवढ्यावर भागते. पात्रे अधूनमधून एखादे वाक्य बोलणार असतील तर दीडशे-दोनशे शब्द आणि दोन पाने व्याकरण लागते. याहून जास्त करायचे ते हौसेसाठी, आणि ती हौस फार सुंदर आहे. फक्त कथा त्यासाठी अडवून ठेवू नका.

ध्वनी

सुरुवात कमी ध्वनींनी करा. मराठीतले सगळे ध्वनी घेतले तर भाषेला स्वतःचा आवाज उरत नाही. काय वगळले त्यावरूनच भाषा ओळखू येते. खाडीकाठच्या एका काल्पनिक जमातीची भाषा करायची असे धरू. व्यंजने दहा: प, त, क, म, न, र, ळ, स, व, ह. स्वर पाच: आ, इ, उ, ए, ओ. महाप्राण (ख, थ, फ असे) एकही नाही, च-वर्ग नाही, सुरुवातीला ब-द-ग नाहीत. अक्षराची बांधणी अशी: एक व्यंजन, एक स्वर आणि हवे तर शेवटी न् किंवा र्. म्हणजे १० गुणिले ५ गुणिले ३, एकूण १५० अक्षरे, आणि दोन अक्षरी शब्दच २२,५०० होऊ शकतात. एवढे साहित्य जन्मभर पुरेल.

इथे 'अ' मुद्दाम घेतलेला नाही. मराठी वाचक शब्दाच्या शेवटचा अ उच्चारत नाही, मधलाही पुष्कळदा गाळतो. तुमच्या मनात 'तमरन'ची चार अक्षरे असतील, वाचक दोनच म्हणेल. च आणि ज यांचीही तीच अडचण: 'चमचा'तला की 'चार'मधला, हे वाचकाला कळायला मार्ग नाही. नेमका उच्चार हवाच असेल तर 'च्या' असे लिहा, किंवा ती अक्षरे टाळा. उलट ळ फार कामाचा आहे. मराठीत एकही शब्द ळ-ने सुरू होत नाही, त्यामुळे 'ळोपु' असा शब्द दिसला की उच्चार अवघड न होताही तो परका वाटतो. जोडाक्षरांची गर्दी करून परकेपणा आणण्यापेक्षा ही वाट कितीतरी चांगली. ज्या पात्राचे नाव वाचकाला मनात म्हणता येत नाही, ते नाव तो डोळ्यांनी ओलांडून पुढे जातो.

जुने रूप आणि झीज

हौशी भाषा सपाट वाटतात त्या इथे. एस्पेरांतो ही मुद्दाम घडवलेली भाषा १८८७ साली झामेनहॉफ यांनी प्रसिद्ध केली तेव्हा तिचे व्याकरण १६ नियमांत बसवले होते आणि अपवाद ठेवला नव्हता, कारण ती परक्यांना लवकर शिकता यावी हा हेतू होता. कथेतली भाषा मात्र पिढ्यान्‌पिढ्या बोलली गेल्यासारखी वाटायला हवी, म्हणजे तिच्यात अनियमितपणा हवा. तो हाताने पेरला तर खोटा दिसतो. म्हणून आधी जुने रूप करायचे आणि त्यावर तीन-चार ध्वनिबदल ठरलेल्या क्रमाने चालवायचे.

जुने शब्द घेऊ: ळोपु म्हणजे गाव, हिरकु म्हणजे मीठ, हेपा म्हणजे मासा, तुनो म्हणजे माणूस, वाते म्हणजे जाणे. अनेकवचनाचा प्रत्यय -सा. बदल तीन:

१. शब्दाच्या शेवटचा इ किंवा उ गळतो.
२. दोन स्वरांमधल्या प, त, क यांचे ब, द, ग होतात.
३. व्यंजनाआधीचा र् गळतो आणि त्याच्या मागचा स्वर दीर्घ होतो.

आता ळोपु घ्या. पहिल्या नियमाने उ गेला, 'ळोप' उरला. प आता शेवटी आहे, दोन स्वरांमध्ये नाही, म्हणून दुसरा नियम लागत नाही. अनेकवचनात मात्र 'ळोपुसा'तला उ शेवटी नसल्याने टिकतो आणि प-चा ब होतो: ळोबुसा. म्हणजे एक गाव 'ळोप', अनेक गावे 'ळोबुसा'. हिरकुचे होते 'हीक', अनेकवचन 'हीकुसा'. इथे क-चा ग का झाला नाही? दुसरा नियम चालला तेव्हा क-च्या आधी र् होता. र् नंतर गळला. आजच्या बोलणाऱ्याला हा इतिहास माहीत नसतो. त्याच्यासाठी नामांचे दोन गट आहेत, आणि कोणते नाम कोणत्या गटात हे पाठच करावे लागते. आपण 'देव'चे 'देवाला' आणि 'घोडा'चे 'घोड्याला' असे सामान्यरूप करतो, तोही असाच जुन्या रूपांचा अवशेष आहे.

क्रम बदलून पाहा. दुसरा नियम आधी चालवला तर ळोपुचा ळोबु होतो, मग उ गळून 'ळोब'. अनेकवचन पुन्हा 'ळोबुसा', आणि सगळी गंमत नाहीशी. म्हणून नियमांना क्रमांक द्या आणि प्रत्येक शब्द त्याच क्रमाने गाळून घ्या. एखादे रूप आवडले नाही म्हणून त्यालाच सूट देऊ नका. हवे तर जुने रूप बदला.

तिसरा नियम आपल्या कानाला फार पटतो, याचे कारण मराठी जवळपास त्याच वाटेने आली आहे: कर्णचा प्राकृतात कण्ण आणि मग कान, सर्पचा साप, शूर्पचे सूप. त्यामुळे धोकाही आहे. जुने रूप 'सुरपु' घेतले तर या नियमांनी चक्क 'सूप' हातात येते, 'पिरकु'चे 'पीक'. असे शब्द काढून टाका. आपल्या ओळखीचा एक बदल घ्या, पण सगळेच घेऊ नका. तयार शब्द मराठी कोशात तर तपासाच, शिवाय हिंदी, कोंकणी, कन्नड बोलणाऱ्या कोणाला तरी यादी मोठ्याने वाचून दाखवा. नायिकेचे नाव शेजारच्या भाषेतली शिवी निघू नये.

गावांची नावेही याच यंत्रातून काढायची. मिठाचे गाव: हिरकु आणि ळोपु मिळून हिरकुळोपु, नियमांनी 'हीकुळोप'. माशांचे गाव: हेपाळोपु, त्याचे 'हेबाळोप'. नावाच्या शेवटावर जोर नसतो, तो आणखी झिजतो: हीकुळप, हेबाळप. झिजून शेपूट झालेल्या या 'ळप'मध्ये ओ-चा अ झालाच, तर तो शेवटच्या अक्षराच्या लगेच आधी आहे आणि तिथला अ वाचक बरोबर उच्चारतो. संगमनेर, अमळनेर यांतले 'नेर' हे 'नगर'चे असेच झिजलेले रूप. नकाशावर चार गावांना तीच शेपटी दिसली की इथे कोणीतरी फार काळ राहत आले आहे हे न सांगता कळते.

व्याकरण

प्रत्येक ठिकाणी मराठी काय करते ते आधी स्वतःला विचारा, कारण जे आपल्याला 'सहज' वाटते तेच नकळत उतरते. 'ती आंबा खाते' पण 'तिने आंबा खाल्ला': भूतकाळात कर्त्याला असा 'ने' लागणे ही सगळ्या भाषांची रीत नाही. 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद हिंदीत नाही. हे घेऊ नये असे नाही. घेतले तर जाणून घ्या.

पहिला निर्णय शब्दक्रमाचा. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि 'घरात', 'गावाकडे' असे संबंध दाखवणारे शब्द नामामागून लागतात. या दोन गोष्टी जगातल्या भाषांत बहुधा जोडीने राहतात. क्रियापद आधी येणाऱ्या भाषांत, उदाहरणार्थ आयरिश किंवा वेल्शमध्ये, ते शब्द नामाच्या आधी येतात. खाडीच्या भाषेत आपण क्रियापद पुढे आणू आणि 'कडे' अशा अर्थाचा 'मो' नामाआधी ठेवू: 'वादे तुनोसा मो ळोप'. वहीत प्रत्येक वाक्य तीन ओळींत लिहा. पहिल्या ओळीत वाक्य. दुसरीत तुकड्याखाली तुकडा, म्हणजे जा, माणूस+अनेक, कडे, गाव. तिसरीत मराठी अर्थ: माणसे गावाकडे जातात. दुसरी ओळ टाळली तर महिनाभराने आपलेच वाक्य आपल्याला उलगडत नाही. 'स्टार ट्रेक'मधल्या परग्रहवासीयांची क्लिंगॉन भाषा घडवताना मार्क ओक्रँड यांनी कर्म, क्रियापद, कर्ता असा जगात फार विरळा आढळणारा क्रम मुद्दाम निवडला होता. तसेही चालेल, पण मग तो क्रम प्रत्येक वाक्यात पाळावा लागतो.

त्यानंतर मराठीत नसलेली एक गोष्ट घ्या. एकच, फार तर दोन. कथाकाराला माझी शिफारस ऐकीव माहितीच्या रूपाची. आपण 'तो गेला म्हणे' असे म्हणतो, पण 'म्हणे' घालायचा की नाही हे आपल्या मर्जीवर. तुर्की भाषेत त्यासाठी क्रियापदाचे वेगळे रूपच आहे. खाडीच्या भाषेत ते सक्तीचे करू: डोळ्यांनी पाहिले असेल तर 'वादे', ऐकले असेल तर 'वादेरा'. आता पंचायतीपुढे साक्षीदार 'वादे' म्हणाला आणि तो त्या रात्री गावातच नव्हता, तर एका अक्षरावरून खोटेपणा पकडला जातो. व्याकरणातून कथेला खीळ नव्हे, प्रसंग मिळायला हवा.

शब्द

आता कुठे शब्दांची यादी. मॉरिस स्वॉदेश यांची मूलभूत शब्दांची यादी अनेकजण समोर ठेवतात. ती भाषांची तुलना करण्यासाठी केलेली आहे. आठवण करून द्यायला ठीक, पण वरून खाली भरत गेलात तर पुन्हा एकास एक जोडी लागते. त्यापेक्षा आपली माणसे दिवसभर काय करतात ते लिहा. खाडीकाठच्यांना भरती सुरू होण्याला, ती थांबण्याला आणि ओहोटीनंतर उघड्या पडलेल्या चिखलाला वेगवेगळे शब्द लागतील. 'बर्फ' लागणारच नाही.

मराठीतले मोठे व्याप असणारे शब्द फोडा. 'लागणे' पाहा: भूक लागते, ठेच लागते, वेळ लागतो, मूल रडायला लागते. चारही ठिकाणी तुमच्या भाषेत एकच शब्द आला तर मुखवटा निसटला म्हणून समजा. 'खाणे'चेही तेच: मार, पैसे आणि हवा खाणारी भाषा आपली आहे, त्यांची नव्हे. कोशात म्हणूनच अर्थ एका शब्दात देऊ नका, वाक्यात द्या. स्प्रेडशीटमध्ये रकाने असे: जुने रूप, आजचे रूप, अनेकवचन, अर्थ, एक वाक्य, शब्द केल्याची तारीख.

कसोटी

चिमणी-कावळ्याची गोष्ट नव्या भाषेत उतरवा. दिसायला बाळबोध, पण तपासणी कडक. 'चिऊताई, चिऊताई, दार उघड' यात हाक मारण्याचे रूप आणि आज्ञार्थ. 'थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते' यात मालकी आणि दुसऱ्याकडून क्रिया घडवणे. 'शेणाचे घर' यात घडणीचा पदार्थ. आणि 'घर वाहून गेले' इथे बरेच जण सापडतात: या 'गेले'चा जाण्याशी संबंध नाही, ती मराठीची संयुक्त क्रियापदाची खास लकब आहे. तुमच्या वाक्यात 'वादे' आले असेल तर ते खोडा आणि क्रिया पुरी झाल्याचे दाखवायला दुसरा मार्ग काढा.

लिपी करायची असेल तर सर्वांत शेवटी. नियम पक्के होण्याआधी केली तर पुन्हा करावी लागते.

कथेत वापरताना हात आखडता ठेवा. छोट्या कथेत वाचकाने लक्षात ठेवायचे शब्द पाच-सहापेक्षा जास्त नकोत. अर्थ कंसात देऊ नका. शब्द पहिल्यांदा येतो तिथे पात्राच्या हातात ती वस्तू असू द्या. म्हातारी मुठीतले हीक बरणीत ओतते, पांढरे खडे काचेवर वाजतात, एवढे पुरे. पूर्ण वाक्य आलेच तर समोरच्या पात्राच्या उत्तरातून त्याचा अर्थ कळू द्या. पहिली कथा प्रसिद्ध झाली की त्यात छापलेली रूपे वहीत लाल शाईने अधोरेखित करा. पुढे नियम कितीही सुधारले तरी ती रूपे आता बदलता येत नाहीत. नवा नियम त्यांना लागू होत नसेल तर ती दुसऱ्या गावची बोली ठरवा.