विंडोज ११ टाकताय? आधी फॉन्ट कॉपी करा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि मी शहाण्यासारखा ऐन लग्नसराईत, पत्रिकांचे सात-आठ जॉब डोक्यावर असताना मशीन बदलायला काढलं. हा पहिला मूर्खपणा. दुसरा खाली येतोय आणि परत परत येणार आहे, कंटाळू नका. आता धाकट्या भावाच्या मशीनची पाळी आहे म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय. मराठी डीटीपी (कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवणं) करणाऱ्यांना जास्त उपयोगी पडेल, बाकीच्यांनी मधलं सोडून वाचा.

मशीनला ११ झेपतं का ते मायक्रोसॉफ्टच्या पीसी हेल्थ चेक ॲपमध्ये कळतं. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर, ६४ जीबी जागा, ४ जीबी रॅम (हे कागदावर, ८ च्या खाली असेल तर नादाला लागू नका) आणि टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय). टीपीएम नाही म्हणाला म्हणून लगेच नवीन मशीनचं कोटेशन मागवू नका, बऱ्याचदा तो बायोसमध्ये (विंडोज चालू होण्याआधी उघडणारी मशीनची सेटिंग) नुसता बंद असतो, इंटेलवाल्यांकडे पीटीटी नावाने आणि एएमडीकडे एफटीपीएम नावाने शोधा.

बॅकअप घ्या. हे काय सांगायचं.

आता फॉन्ट. मी डी ड्राइव्ह अख्खा बाहेरच्या हार्डडिस्कवर घेतला, डेस्कटॉप घेतला, डॉक्युमेंट्स घेतलं, रिसायकल बिनसुद्धा चाळून झालं, आणि मशीनवाल्या पोराला म्हटलं, मार फॉरमॅट. फॉन्ट सी ड्राइव्हवर विंडोजच्या फोल्डरमध्ये असतात हे मला वीस वर्षं माहीत आहे. तरी. संध्याकाळी नवरीचे वडील पत्रिकेचं प्रूफ बघायला आले, मी पेजमेकरची (पानं जुळवायचं जुनं सॉफ्टवेअर) फाइल उघडली तर गणपतीच्या चित्राखाली ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरं, कुणाच्या डोक्यावर टोपी, कुणाला खालून शेपूट, मधेच एक डॉलरचं चिन्ह. ते चष्मा वर करून बघत राहिले आणि म्हणाले, “अहो, हे कुठल्या भाषेत छापताय?”

जुने फॉन्ट युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला कोड) नाहीत, त्यामुळे हे असंच होणार. फाइलमध्ये ‘क’ कुठे नसतोच, इंग्रजीसारखे कोड असतात आणि त्यांचा ‘क’ दिसतो तो त्या फॉन्टमुळे. फॉन्ट गेला की दहा वर्षांचं काम समोर असून वाचता येत नाही. आणि तोच फॉन्ट लागतो बरं का, श्री-लिपी आणि आयएसएम ही मराठी टायपिंगची दोन वेगळी सॉफ्टवेअर, एकाच्या फाइलला दुसऱ्याचा फॉन्ट लावून बघाल तर वेगळाच कचरा दिसेल.

म्हणून फॉन्ट कॉपी करा. आणि नीट वाचा, जागा दोन आहेत. एक सी ड्राइव्ह, विंडोज, फॉन्ट्स. दुसरी बहुतेकांना माहीतच नसते: विंडोज १० मध्ये २०१८ च्या ऑक्टोबर अपडेटपासून नुसतं इन्स्टॉल दाबलं की फॉन्ट त्या युजरपुरता बसतो, तो युजरच्या फोल्डरमध्ये ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स इतका आत जाऊन पडतो. ॲपडेटा लपवलेलं असतं, व्ह्यूमध्ये जाऊन हिडन आयटम्स चालू करा. दोन्ही फोल्डर आख्खे उचला, निवडत बसू नका, कुठला फॉन्ट लागेल ते तुम्हाला आज आठवणार नाही. परत टाकताना राइट क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स’च घ्या, नाहीतर जुन्या सॉफ्टवेअरला कधी कधी तो दिसतच नाही आणि तुम्ही तासभर स्वतःला शिव्या घालाल. चालू जॉबची पीडीएफ काढून ठेवा, कोरलड्रॉमधलं (डिझाइनचं सॉफ्टवेअर) असेल तर कर्व्ह केलेली, म्हणजे अक्षरांचे आकार करून टाकलेली, एक वेगळी कॉपी. फॉन्ट घेतल्यावर दुसऱ्या मशीनवर टाकून एक जुनी फाइल उघडून बघा, मराठी दिसलं तरच फॉरमॅट.

टायपिंग सॉफ्टवेअरचा सेटअप, त्याची की आणि डोंगल (सॉफ्टवेअर चालायला मशीनला लावायची किल्ली) असेल तर डोंगलचा ड्रायव्हर, हेही घेऊन ठेवा. ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं, त्यामुळे ३२ बिटचा ड्रायव्हर चालणार नाही, हे आधी बघा, नंतर नाही. गुगलचं जुनं ऑफलाइन इनपुट टूल वापरत असाल तर त्याची सेटअप फाइल जपून ठेवा, गुगलने ते कधीच बंद केलंय. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांचा प्रमाण) आणि फोनेटिक (उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरं दाबायचा) कीबोर्ड आहे, टाइपरायटरवाला त्यात शोधत बसू नका.

बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघा, ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवा, कागद मशीनपासून लांब.

जुन्या विंडोजवरूनच ११ वर अपग्रेड केलं तर फॉन्ट राहतात, फॉरमॅट केलं तर जातात. अपग्रेड करणार असलात तरी कॉपी घ्याच, मधे लाइट गेली तर काय करणार.

झाल्यानंतरची चिडचिड: स्टार्ट बटण मधोमध येतं, टास्कबारच्या सेटिंगमध्ये अलाइनमेंट लेफ्ट करा. खिडक्या एकमेकींत कोंबलेल्या असतात, तिथेच खाली कम्बाइनला नेव्हर. राइट क्लिकचा मेन्यू अर्धाच उघडतो, शिफ्ट दाबून राइट क्लिक केलं की जुना पूर्ण येतो, हे कळेपर्यंत मी आठवडाभर ‘शो मोअर ऑप्शन्स’ दाबत होतो. वनड्राइव्हचं फोल्डर बॅकअप चालू असेल तर बंद करा, फुकट जागा ५ जीबीच आहे, आपल्या फाइलींना कुठे पुरणार. नाहीच जमलं तर अपग्रेडनंतर १० दिवस परत मागे जाता येतं, सेटिंग, सिस्टिम, रिकव्हरी. फॉरमॅटवाल्यांना नाही. तोवर डिस्क क्लीनअप करून जुनं विंडोज उडवू नका.

प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल सहीची डोंगल आपापलं बघा, प्रत्येकाचं वेगळं असतं.

भावाला पहिल्यांदा फॉन्ट कॉपी करायला लावलेत, चौदाशे फाइली निघाल्या. विचारतो, एवढे सगळे लागतात का? म्हटलं, घे गुपचूप.