थंडीत निसर्ग पाहायचा तर सुरुवात कुठून करावी?

आपल्याकडे निसर्ग पाहायचा तो पावसाळ्यात, हे जणू ठरूनच गेलं आहे. धबधबे, हिरवे डोंगर, मग सप्टेंबरातली कासची फुलं. दसरा झाला की ट्रेकचे बूट माळ्यावर जातात. थंडीच्या वाट्याला हुरडा आणि शेकोटी. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठलं की एक बातमी येते, निफाडचा पारा घसरला की दुसरी, आणि तेवढ्यावर हिवाळा संपतो.

माझं मत विचाराल तर पाहायला शिकण्यासाठी थंडीच बरी. पावसाळ्यात काही करावं लागत नाही, सगळं अंगावर येतं. थंडीत आभाळ निरभ्र असतं, हवा स्थिर असते, आणि पहाटेच्या दवापासून रात्रीच्या ताऱ्यांपर्यंत निम्म्या गमती या दोन गोष्टींतूनच घडतात. त्या घराजवळ, फुकट पाहता येतात. वेळ मात्र साधावी लागते.

आधी जागा ठरवा

जवळचीच निवडा. थोडं मोकळं गवत, दोन-चार झाडं, जमलं तर ओढा किंवा तळं, आणि पूर्वेकडे उघडं क्षितिज. शाळेचं मैदान, कालव्याची कड, गावाबाहेरचा माळ, काहीही चालेल. डिसेंबर ते फेब्रुवारी पुन्हा पुन्हा तिथेच जायचं आहे, म्हणून गाडी काढावी लागेल अशी जागा नको. पुण्या-मुंबईत जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, त्यामुळे उगवतीच्या अर्धा तास आधी पोहोचणं वाटतं तितकं अवघड नाही.

एक इशारा मात्र गंभीरपणे घ्या. जुन्नर, आंबेगाव, निफाडसारख्या उसाच्या पट्ट्यात अंधारात एकट्याने शेताच्या बांधावर जाऊ नका. ऊसतोडीच्या दिवसांत बिबट्या आणि माणूस समोरासमोर येण्याची शक्यता वाढते. तिथे उजाडल्यावर जा, सोबतीने जा.

दव ऊन पडायच्या आत पाहा

पोहोचल्यावर पहिल्यांदा खाली बसा आणि गवत जवळून पाहा. मोकळ्यावरचं गवत भिजलेलं असेल, झाडाखालचं जवळजवळ कोरडं. दव वरून पडतं असं आपण म्हणतो. मग झाडाखाली का नाही पडलं? झाडाने अडवलं म्हणावं, तर मोकळ्यावरच्या पात्याच्या खालच्या बाजूलाही थेंब कसे?

रात्रभर जमीन आपली उष्णता आभाळाकडे सोडत असते. वर ढग असले तर त्यातली बरीच परत येते. आभाळ मोकळं असलं की फार थोडी परत येते, आणि गवताचं पातं भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं. त्याला लागून असलेल्या हवेतल्या वाफेचं तिथेच पाणी होतं. झाडाखाली ढगांचं काम फांद्या-पानं करतात, म्हणून तिथलं गवत तितकं गार होत नाही. हीच गोष्ट तुमच्या गाडीच्या काचेवरही दिसते: मोकळ्यावर लावली तर सकाळी पुसावी लागते, झाडाखाली लावली तर बहुधा नाही.

आता त्या कोरड्या वाटणाऱ्या गवतात आणखी निरखून पाहा. माती ओलसर असेल तर काही पात्यांच्या बरोबर टोकावर एकेकच टपोरा थेंब दिसेल. हे दव नव्हे. रात्री मुळांनी ओढलेलं जास्तीचं पाणी गवत टोकाकडच्या सूक्ष्म छिद्रांतून बाहेर टाकतं. दव पातंभर पसरलेलं असतं, हा थेंब नेमका टोकाशी असतो. एकदा फरक कळला की दोन्ही वेगळे ओळखता येतात.

गवतावर कोळ्यांची जाळीही दिसतील. ती रोजच असतात, फक्त दव नसताना नजरेला पडत नाहीत. काही चक्राकार उभी, काही जमिनीलगत चादरीसारखी आणि एका कोपऱ्यात नरसाळ्यासारखा बोगदा असलेली. बोगद्याच्या तोंडाशी कोळी बसलेला असतो. भिंग असेल तर उत्तम. जाळं मोडू नका, एवढंच.

सूर्य वर आला की त्याच्याकडे पाठ करून उभे राहा. दवाने भिजलेल्या गवतावर तुमची लांबलचक सावली पडेल. डोक्याच्या सावलीभोवती पाहा, तिथलं गवत बाकीच्यापेक्षा उजळ दिसेल. शेजारी मित्राला उभं करा. त्याच्या डोक्याभोवती तुम्हाला काही दिसणार नाही. तो मात्र शपथेवर सांगेल की तेज त्याच्याच डोक्याभोवती आहे. प्रत्येक थेंब भिंगासारखा उन्हाला मागच्या पात्यावर एकवटतो आणि उजेड आला त्याच वाटेने परत धाडतो, म्हणून तो फक्त ज्याच्या त्याच्या डोळ्यांना भेटतो. फोटो काढलात तर तेजोवलय फोनच्या सावलीभोवती येईल. सोळाव्या शतकातला इटालियन सोनार-शिल्पकार बेनवेनुतो चेलिनी याला हे वलय दिसलं, तेव्हा ती आपल्यावर झालेली खास कृपा आहे असं त्याने लिहून ठेवलं. पहाटेच्या दवावर ते सगळ्यांत चांगलं दिसतं, हेही त्यानेच नोंदवलं आहे!

थंड हवा कुठे साचते ते शोधा

याला पाहण्यापेक्षा अंगाची गरज जास्त. रात्री दुचाकीवरून गावाबाहेर निघालात तर ओढ्याच्या पुलावर उतरताना एकदम गारठा झोंबतो आणि चढ चढलं की हवा सुसह्य होते, हे अनेकांनी अनुभवलेलं असतं. गार हवा जड असते. ती उतारावरून वाहत खोलगट जागी साचते, वर तुलनेने उबदार हवा राहते. उंच जावं तसं गार होत जावं, हा नेहमीचा नियम अशा रात्री उलटा होतो.

याचा पुरावा सकाळी डोळ्यांनाही दिसतो. उजाडताना टेकडीवरून गावाकडे पाहा. चुलींचा, बंबांचा धूर थोडा वर जातो आणि मग पातेल्यावर झाकण ठेवावं तसा अडून आडवा पसरतो. झाकण आहे ते वरच्या उबदार थराचं. दरीत धुकं भरलं असेल तर त्याचा वरचा काठही असाच सपाट दिसतो. किल्ल्यावरून दिसणारा ‘ढगांचा समुद्र’ बऱ्याचदा हाच असतो. गडावर पहाटे जाणार असाल तर शेकोटी पेटवू नका. वाळलेलं गवत क्षणात पेट घेतं, आणि धुराने कड्यावरची आग्या मोहोळं उठतात.

पाहुणे पक्षी गच्चीपासून मोजा

पक्षी पाहायचे म्हणून लगेच मोठी लेन्स घेऊन भिगवण गाठू नका. आधी कुंपणाच्या भिंतीवर पाहा. तांबूस शेपूट सतत थरथरवणारा, चिमणीएवढा पक्षी दिसला तर तो थिरथिरा. मैदानात तुरुतुरु पळत शेपटी वर-खाली करणारा धोबी, म्हणजेच परीट. यांची विणीची ठिकाणं हिमालयात आणि त्याच्याही पलीकडे आहेत. तिकडे बर्फ पडून किडे मिळेनासे झाले की हे इकडे येतात. जिला आपण थंडी म्हणून शिव्या घालतो, ती त्यांची उबदार सुट्टी आहे.

सोलापूर, बारामती, नगरकडे शेतकऱ्यांना भोरड्या ओळखीच्या असतात. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या या मैना कझाकस्तानच्या बाजूने येतात आणि ज्वारी हुरड्यात आली की कणसांवर तुटून पडतात; त्यांना हाकलायला शेतात माळा आणि गोफण लागते. त्यांचं संध्याकाळचं आकाशातलं नृत्य पाहायचं असेल तर सूर्यास्ताच्या तासभर आधी मोकळ्या जागी थांबा. छोटे थवे कुठल्या दिशेने जातात ते पाहा आणि दुसऱ्या दिवशी त्या दिशेला पुढे जाऊन उभे राहा. असं दोन-तीन संध्याकाळी केलं की रातथाऱ्याची जागा सापडते. हजारो पक्षी एकमेकांवर न आदळता कसे वळतात? यांच्या युरोपातल्या भाईबंदांचा अभ्यास रोममध्ये झाला. त्यात दिसलं की प्रत्येक पक्षी अख्ख्या थव्याकडे नाही, जवळच्या सहा-सात शेजाऱ्यांकडेच लक्ष देतो. म्हणून पाहताना एकाच पक्ष्यावर नजर ठेवून बघा. जमत नाही, पण करून पाहण्यासारखं आहे.

यानंतर भिगवण. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि त्याच्या फुगवट्यावर हे पाणथळ तयार झालं. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, पाहायला गर्दी होते. त्यांना उथळ चिखल लागतो, म्हणून धरण तुडुंब भरलेलं असेल तर ते उशिरा येतात. जाण्याआधी पाण्याची पातळी विचारून घ्या. माझ्या लेखी मात्र तिथला खरा मानकरी पट्टकदंब हंस. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे, ही त्याची खूण. तिबेट-मंगोलियाच्या तलावांवरून हिमालय ओलांडून तो येतो. उपकरणं बसवलेल्या हंसांची उड्डाणं सात हजार मीटरच्या वर नोंदली गेली आहेत. त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतलाही प्राणवायू घट्ट पकडतं. हे ठाऊक झाल्यावर तो काठावर निवांत गवत चरताना दिसला, की नजर हलत नाही. नावाड्याला थवा उडवून दाखवायला सांगू नका. उडवलेल्या प्रत्येक थव्याचं त्या दिवसाचं खाणं वाया जातं.

नाशिककरांना नांदूर मध्यमेश्वर जवळ आहे, मराठवाड्याला पैठणचा नाथसागर, मुंबईकरांना ठाण्याची खाडी.

एक उघडं झाड निवडा

युरोपात झाडं थंडीपायी पानं टाकतात, आपल्याकडची बरीचशी पाणी वाचवण्यासाठी. पानं गेल्यावर झाडाची ठेवण दिसते, त्यातली घरटीही. कांडोळाचं, म्हणजे भुत्याचं, पांढरंफटक खोड चांदण्यात पाहिलंत तर हे नाव का पडलं ते सांगावं लागणार नाही. जानेवारी-फेब्रुवारीत काटेसावर फुलली की तिच्याखाली तासभर बसा. मैना, बुलबुल, कावळे, शिंजीर, खारी अशी रांगच लागते. रात्री वटवाघळंही येतात.

रात्री वर पाहा

ज्या निरभ्र आभाळाने पहाटे दव दिलं, तेच रात्री तारे दाखवतं. अमावस्येच्या आसपासचे दिवस निवडा, शहराच्या दिव्यांपासून दूर जा आणि वीस-तीस मिनिटं मोबाइल खिशात ठेवा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो आणि स्क्रीनची एक झलक ती मोडते.

जानेवारीत रात्री आठ-नऊच्या सुमारास आग्नेयेकडे, बरंच वर पाहा. चार ताऱ्यांचा मोठा चौकोन आणि मध्ये एका ओळीत तीन तारे: हे मृग नक्षत्र. ते तीन तारे म्हणजे हरणाच्या अंगात रुतलेला बाण. त्याची रेषा खाली वाढवा, आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा भेटतो. बाण मारणारा तो व्याध. तीच रेषा उलटीकडे वाढवली की लालसर रोहिणी, आणि तिच्या पुढे कृत्तिकांचा झुबका. गोष्ट लक्षात ठेवा, नकाशा आपोआप लक्षात राहतो. चौकोनाचे दोन कोपरे नीट पाहा: काक्षी तांबूस, राजन्य निळसर पांढरा. निळा तारा जास्त तापलेला आणि तांबडा त्या मानाने थंड. आपला रोजचा अंदाज इथे बरोबर उलटा पडतो.

व्याधाच्या खाली दक्षिणेकडे अगस्ती शोधा. तेजात त्याचा क्रमांक व्याधानंतरचा. जानेवारीच्या अखेरीस साडेदहाच्या सुमारास तो दक्षिणेला असतो. हात पूर्ण लांब करून वीत ताणा, पुण्याहून तो क्षितिजापासून साधारण तेवढा वर दिसतो. दिल्लीत त्याच्या निम्माच, आणि लंडनला राहणाऱ्या तुमच्या भावाला तो दिसतच नाही. फोन करून विचारा.

१३-१४ डिसेंबरच्या रात्री चंद्र आडवा येत नसेल तर चटई अंथरून पडून राहा. मिथुन राशीतल्या उल्का दहानंतर वाढत जातात. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीचे असतात, हा मात्र १९८३ मध्ये सापडलेल्या फेथन नावाच्या लघुग्रहाचा.

नोंद ठेवा, पण थोडकी

तारीख, वेळ, काय दिसलं, आणि एक ‘का?’ एवढं पुरे. सोबत गच्चीवरून सूर्य कुठल्या इमारतीमागून उगवला ते टिपा. २२ डिसेंबरच्या सुमारास दिवस सर्वांत लहान असतो, तरी सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच होत जातो. पृथ्वीचा कललेला आस आणि लंबवर्तुळाकार कक्षा यांचा तो मिळून झालेला परिणाम. त्याच जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर असते, हेही शेजारी लिहून ठेवा. मार्च लागला की थिरथिरा शेवटचा कधी दिसला त्यावर लक्ष ठेवा. शेवटचा दिवस त्या दिवशी कळत नाही, म्हणून तो दिसेल त्या प्रत्येक दिवसाची तारीख टाकत जा, आणि सप्टेंबर अखेरीपासून भिंतीवर पुन्हा नजर ठेवायला लागा.