सलीम अलींची वही आणि आपलं माळरान

पर्यावरण शिक्षणात काम करायचंय, सुरुवात कुठून करू, असं विचारत बी.एस्सी. झालेली मुलंमुली माझ्याकडे येतात. कोणता कोर्स, कुठली संस्था हे सांगण्याआधी मी त्यांना सलीम अलींच्या नोकरीची गोष्ट सांगते. पक्षिशास्त्रातलं एवढं मोठं नाव, पण विद्यापीठाची पदवी त्यांनी पूर्ण केलेली नव्हती. १९२६ साली त्यांना मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, काम मिळालं ते गाइड लेक्चररचं. आलेल्या लोकांना तिथले पशुपक्षी समजावून सांगायचे. आपण आज करतो तेच की हे! पुढे ते शिकायला बर्लिनला गेले आणि १९३० मध्ये परतले, तर पैशाअभावी ती जागाच बंद झालेली. हाताला काम नाही, म्हणून ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले आणि तिथे सुगरण पक्ष्याची घरटी बघत बसले.

त्या बघण्यातून जे हाती लागलं, ते आजही पक्षिशास्त्रात शिकवतात. घरटं विणतो तो नर. अर्धं विणून झालं की थांबतो. माद्या येऊन पाहणी करतात. एखादीला पसंत पडलं की तो उरलेलं घरटं पुरं करतो, आणि ती अंड्यांवर बसली की हा दुसऱ्या घरट्याच्या तयारीला लागतो. रोज बघायचं आणि रोज लिहायचं, एवढ्याच भांडवलावर हा शोध लागला.

हाच पाठ मी जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये घेते, आणि नव्याने येणाऱ्या प्रत्येकाने इथूनच सुरुवात करावी असं मला वाटतं. आपल्याकडे मराठवाड्यात विहिरीवर झुकलेली बाभूळ नाही असं गाव सापडायचं नाही. आषाढ-श्रावणात तिच्या फांद्यांना खोपे लागतात. पोरांना विहिरीपासून लांब, बांधावर बसवायचं, आणि शक्यतो एखादा मोठा माणूस सोबत ठेवायचा. पिवळ्या डोक्याचा नर शेजारच्या ज्वारीच्या किंवा उसाच्या पानावर बसतो, कडेला चोचीने खाच पाडतो, टोक धरून उडतो आणि लांबच लांब पट्टी फाडून नेतो. अर्धा खोपा उलट्या टोपलीसारखा दिसतो. त्या वेळी नर चोचीत ओल्या मातीचे गोळे आणून आतून लावतो. एका गटाने नराच्या फेऱ्या मोजायच्या, दुसऱ्याने मादी किती वेळ आत डोकावते ते टिपायचं, तिसऱ्याने कुठल्या झाडाची पट्टी आली ते. पाचवीतली पोरं हे चोख करतात. शेवटी कुणीतरी विचारतंच, ‘बाई, हा अर्धा सोडून दिलेला खोपा कुणालाच कसा आवडला नाही?’ या प्रश्नाचं उत्तर घाईने देऊ नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधावर न्या.

किहीमनंतरची गोष्ट तर थेट आपली आहे. सलीम अलींनी संस्थानांपुढे प्रस्ताव ठेवला, की छावणीचा खर्च तुम्ही उचला, पक्ष्यांचं सर्वेक्षण मी बिनपगारी करतो. हैदराबाद संस्थानाने होकार दिला. १९३१-३२ मध्ये ते सर्वेक्षण झालं आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालं. मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. छत्रपती संभाजीनगरात दिल्ली दरवाजाजवळचा जुना खिजरी तलाव आता सलीम अली सरोवर म्हणून ओळखला जातो. त्याच्या काठाने रोज शेकडो लोक जातात. हा माणूस आपल्याच मुलखाचे पक्षी मोजायला आला होता, हे मात्र शहरातल्या शाळांतही कुणी सांगत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कारण आपण थोरांचं काय करतो? ५ जूनला, पर्यावरण दिनी, तसबिरीला हार घालतो, एक रोप लावतो, निबंध स्पर्धा घेतो. निबंधात जन्मतारीख, पुरस्कार आणि ‘त्यांचे कार्य महान होते’ हे वाक्य. मूल त्यातून काही घेत नाही. त्या माणसाने सकाळी उठून नेमकं काय केलं, हे मुलाला कळलं तर ते लगेच तसं करून बघतं. म्हणून माझा आग्रह असा, की प्रत्येक निसर्गअभ्यासकाकडून त्याची कामाची एक रीत उचलायची आणि ती आपल्या गावात लावून बघायची.

मारुती चितमपल्लींची रीत होती विचारण्याची. सोलापूरचा हा माणूस वनखात्यात नोकरीला लागला आणि हयातभर जंगलातल्या माणसांकडून शिकत राहिला. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सलीम अलींचा १२ नोव्हेंबर, म्हणून राज्यात या दोन तारखांमध्ये पक्षी सप्ताह साजरा होतो. आपल्याकडे जंगल थोडं, माळ फार. तेव्हा माळावर मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगराला विचारा. चंडोल कोणत्या महिन्यात गात वर चढतो, टिटवी अंडी कुठे घालते, लांडगा कोणत्या ओढ्याने येतो, हे त्याला पाठ असतं. मुलांना आजोबांकडे पाठवा. लहानपणी दिसायचे आणि आता दिसत नाहीत असे पक्षी कोणते, एवढंच विचारून यायला सांगा. एक काळजी मात्र घ्या. लांडग्याचं बीळ, घुबडाची ढोली, कुणाचंही घरटं यांची जागा फोटोसकट ग्रुपवर टाकायची नाही. धनगराने तुमच्यावर विश्वास ठेवून ती सांगितलेली असते.

मुलींसाठी मी जेन गुडाल यांची गोष्ट राखून ठेवते. १९६० साली, सव्विसाव्या वर्षी, पदवी नसताना ती टांझानियातल्या गोंबेच्या जंगलात चिंपांझी बघायला गेली. एकट्या तरुण मुलीला तिथे राहू द्यायला सरकारी अधिकारी तयार नव्हते, म्हणून सोबत तिची आई गेली. त्याच वर्षी तिने पाहिलं, की चिंपांझी गवताची काडी वारुळात घालतो आणि तिला चिकटलेली वाळवी खातो. हत्यार वापरणं फक्त माणसाला जमतं, ही समजूत त्या एका निरीक्षणाने मोडली. पीएच.डी. नंतर झाली. आपल्याकडे पोरीला माळावर एकटी पाठवायला घर तयार नसतं, आणि त्यांची काळजी खोटी नाही. तर आईला सोबत न्या, मावशीला न्या, दोन मैत्रिणी मिळून जा. आमच्याकडे शिकायला आलेल्या एका मुलीची आई आज तिच्यापेक्षा जास्त गवतं ओळखते. गुडालबाईंनी १९९१ मध्ये दार-एस-सलाममधल्या बारा विद्यार्थ्यांना घेऊन ‘रूट्स अँड शूट्स’ हा मुलांचा उपक्रम सुरू केला आणि तो पुढे जगभर पसरला. तुमच्या पहिल्या गटात दहाच पोरं असली, तरी हरकत नाही.

जानकी अम्मल यांच्याबद्दल मराठवाड्यातल्या वर्गात बोलायलाच हवं. १८९७ साली केरळात थलसेरीला जन्मलेली ही वनस्पतिशास्त्रज्ञ कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात उसाच्या गुणसूत्रांवर काम करायची. म्हातारपणी त्याच बाई केरळातल्या सायलेंट व्हॅलीचं जंगल वाचावं म्हणून उभ्या राहिल्या. ऊस म्हटलं की बीडच्या पोरांना वेगळं सांगावं लागत नाही. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि वर्ग निम्मा रिकामा होतो. काही मुलं हंगामी वसतिगृहात राहतात, बरीच आईबापांबरोबर जातात. तुमचा सगळा कार्यक्रम डिसेंबर-जानेवारीत ठेवलात, तर ज्या मुलांना निसर्ग सगळ्यात जवळून माहीत आहे तीच गैरहजर असतील. बाहेरून पैसे देणाऱ्या संस्थांना हे उमगत नाही, ते आपणच ठासून सांगायचं. महत्त्वाचं काम जून ते ऑक्टोबर. शिवाय पाऊस, किडे, गवत, खोपे हे सगळं तेव्हाच असतं.

सगळ्यात जपून शिकवायचा विषय म्हणजे फवारणी. रेचल कार्सन अमेरिकन सरकारच्या मत्स्य आणि वन्यजीव खात्यात माहितीपत्रकं लिहायची, संपादन करायची. नोकरी सोडल्यानंतर काही वर्षांनी, १९६२ मध्ये, कीटकनाशकांच्या दुष्परिणामांवरचं ‘सायलेंट स्प्रिंग’ हे तिचं पुस्तक आलं आणि दहा वर्षांनी अमेरिकेत डीडीटी या कीटकनाशकावर बंदी आली. पण तिने सगळी रसायनं बंद करा असं कधीच म्हटलं नव्हतं. बेसुमार आणि आंधळेपणाने फवारू नका, एवढंच तिचं म्हणणं होतं. हा फरक आपण विसरतो. ज्याचा बाप काल कापसावर फवारून घरी आला, त्या मुलासमोर ‘शेतकरी जमिनीला विष पाजतो’ असं बोललात, तर ते मूल तुमच्यापासून कायमचं तुटतं. मी बाटलीच्या लेबलचा मोठा फोटो फळ्यावर लावते. लेबलवरच्या चौकोनाच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि सर्वांत कमी विषारी हिरवा. मुलांनी बाटलीला हात लावायचा नाही, वडिलांना फक्त रंग विचारून यायचा. पुढच्या आठवड्यात हातमोजे, तोंडाला फडकं, वाऱ्याची दिशा यावर घराघरात बोलणं सुरू झालेलं असतं.

परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी लोक जैवविविधता नोंदवहीची, म्हणजे गावाने आपल्या झाडा-प्राण्यांची नोंद स्वतः ठेवण्याची, कल्पना रुजवली. २००२ च्या जैवविविधता कायद्यामुळे ग्रामपंचायतीपर्यंत जैवविविधता समित्या आणि या नोंदवह्या आल्या. तुमच्या पंचायतीत जाऊन ती वही मागा. एका गावाच्या वहीत मी चक्क कोकणातली झाडं पाहिली आहेत, कुणीतरी ऑफिसात बसून उतरवलेली. असं असेल तर भांडत बसू नका. शाळेची पोरं घेऊन गायरानाची खरी यादी करा आणि ग्रामसभेत ठेवा. आणि माणसं बघायचीच असतील तर जालन्याजवळ कडवंचीला एकदा जाऊन या. विजयअण्णा बोराडे यांच्या पुढाकाराने तिथे पाणलोटाचं जे काम झालं, ते बांधावर उभं राहून बघण्यासारखं आहे.

आता पोटापाण्याचं. पर्यावरणाचे खटले लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये निर्देश दिले, त्यातून शाळा-कॉलेजांत पर्यावरण हा विषय सक्तीचा झाला. तरी कॉलेजात तो बहुधा ज्याचे तास कमी भरतात त्या प्राध्यापकाच्या गळ्यात पडतो. त्याच्या कायम जागा फार थोड्या निघतात, हे आधीच समजून घ्या. एम.एस्सी. करायचं तर संभाजीनगरच्या विद्यापीठात पर्यावरणशास्त्र विभाग आहे, पुण्यात भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण आणि संशोधन संस्था आहे. प्राध्यापकीसाठी पर्यावरणशास्त्रात नेट ही पात्रता परीक्षा द्या. वन्यजीवांकडेच ओढा असेल तर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, आणि घरच्यांना सरकारी नोकरीच हवी असेल तर एमपीएससीतून वनसेवा. बाकी काम मिळतं ते स्वयंसेवी संस्थांत, पाणलोटाच्या प्रकल्पांत, राज्य सरकारच्या माझी वसुंधरा अभियानाच्या कामात, आणि तेही बहुतेक करारावर. सुरुवातीचा पगार तुटपुंजा असतो. पहिली दोन-तीन वर्षं घरचा आधार आहे का, ते आईबापांशी मोकळेपणाने बोलून घ्या.

कुणाला कामावर घ्यायचं असेल तेव्हा मी प्रमाणपत्रं नंतर बघते. आधी विचारते, एक जागा वर्षभर पाहिली आहे का? गावचा पाझर तलाव, देवस्थानची राई, शाळेमागचा माळ, काहीही चालेल. दर आठवड्याला एकच वेळ, एकच वाट, आणि तारीखवार वही. ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर तुमच्या याद्या असतील तर उत्तम, मला त्या तिथेच बघता येतात. दुसरं, चार वाक्यं सोप्या मराठीत लिहिता येतात का? आपल्याकडे चांगले निरीक्षक आहेत, पण चौथीच्या मुलाला समजेल असं लिहिणारे फार थोडे आहेत. तुमची खरी किंमत तिथे होणार आहे.

हिवाळ्यात सुरुवात करणार असाल तर पैठणला नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, जा. १९८६ पासून ते पक्षी अभयारण्य आहे. पाणी उथळ, त्यामुळे रोहित म्हणजे फ्लेमिंगो येतात, आणि हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हंसही दिसतात. सकाळी लवकर पोहोचा आणि ऊन पाठीवर येईल अशा बाजूने काठाने चाला. पाणी ओसरलेल्या जमिनीवर लोकांनी गाळपेरा केलेला असतो. त्या पिकातून जाऊ नका, जायचंच असेल तर राखणदाराला विचारा. थव्याचा आकडा आधी स्वतः वहीत लिहा, मगच त्याला विचारा की गेल्या आठवड्यापेक्षा पक्षी वाढलेत की कमी झालेत.