महालातील जुने वाडे पाहुण्यांसाठी उघडताना

नागपूरच्या महाल या जुन्या वस्तीतील खासगी वाडे एक दिवस लोकांना दाखवून त्या प्रवेशशुल्कातून त्यांच्याच डागडुजीला हातभार लावायचा असेल, तर सुरुवात पत्रके छापण्यापासून न करता वाड्यातील माणसांपासून करावी. अशा वाड्यांची मालकी बहुधा तीन-चार पिढ्यांत वाटली गेलेली असते आणि एका भावाचा होकार चुलतभावाला मान्य असतोच असे नाही. म्हणून सर्व हिस्सेदारांची, तसेच मागच्या खोल्यांत राहणाऱ्या भाडेकरूंची लेखी संमती घ्यावी. काय दाखवायचे हे घरच्यांनीच ठरवावे. देवघर आणि माजघर वगळले तरी ओसरी, चौक आणि सागवानी खांब पाहण्यात तासभर सहज जातो.

तारीख जानेवारीतील रविवारची धरावी. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, तर डिसेंबरात विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या बंदोबस्तामुळे शहरात फिरणेच अवघड होते. सर्वांनी गांधी गेटपाशी, म्हणजे जुन्या जुम्मा दरवाज्यापाशी, जमून पुढे पायीच जावे; त्या बोळांत मोटारी नेणे हा शेजाऱ्यांवर अन्याय आहे.

सर्वाधिक काळजी लाकडाची घ्यावी. भोसल्यांचा राजवाडा 1864 मध्ये आगीत गेला आणि नगारखाना तेवढा उरला, हे लक्षात ठेवून मंडपवाल्याला खांबांवरून तारा ओढू देऊ नयेत आणि चौकात वाळूच्या बादल्या ठेवाव्यात. आठवडाभर आधी जाणत्या सुताराकडून माडीची तपासणी करून घ्यावी: तुळईचे टोक जिथे भिंतीत शिरते तिथे ओल साचते, वाळवीही बहुधा तिथूनच लागते, आणि वरून रंग शाबूत दिसणारे लाकूड टोच्याने टोचताच भुश्यासारखे आत जाते. असे आढळल्यास माडी बंदच ठेवावी, मग कोणी कितीही आग्रह धरो. एरवीही माडीवर एका वेळी पाच-सहांहून अधिक माणसे नसावीत.

जमलेली रक्कम प्रथम छपराला द्यावी. पावसाळ्याआधी कवेलू फेरले आणि पन्हाळी साफ केली, तर भिंतींचे निम्मे दुखणे टळते. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मात्र करू नये, कारण त्याने ओल आतच कोंडते. वाडा शहराच्या वारसा यादीत असल्यास बाह्यरूपाला हात लावण्यापूर्वी वारसा संवर्धन समितीची परवानगी घ्यावी, आणि काम झाल्यावर खर्चाचा हिशेब त्याच ओसरीवर लावून ठेवावा.