गर्भनिरोधक गोळीतलं हार्मोन सांडपाण्यातून काढायचंय? आधी गाळाचं वय वाढवा

गर्भनिरोधक गोळ्यांतलं एथिनिल इस्ट्राडायॉल फार चिवट असतं. शरीरातलं नैसर्गिक इस्ट्राडायॉल एरेशन टँकमध्ये, म्हणजे सांडपाण्याला हवा देणाऱ्या टाकीत, जिवाणूंमुळे काही तासांत बदलतं. इथे मात्र रेणूवरचा एथिनिल गट जिवाणूंच्या आड येतो. कॅनडात ओंटारिओतल्या एका प्रायोगिक तळ्यात २००१ ते २००३ हे हार्मोन लिटरला ५-६ नॅनोग्रॅम राखलं, तेव्हा तिथले फॅटहेड मिनो मासे जवळपास संपले. एवढ्या कमी मात्रेशी गाठ आहे.

गाळ म्हणजे टँकमधल्या जिवाणूंचे पुंजके; त्याचं वय म्हणजे तो टँकमध्ये सरासरी किती दिवस राहतो. फक्त बीओडी (सेंद्रिय घाणीचं माप) उतरवणारा ३-४ दिवसांचा गाळ इथे पुरत नाही. हळू वाढणारे, अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू टिकले की त्यांच्यासोबत हे हार्मोन फोडणारेही टिकतात. आपल्या कोमट पाण्यातही गाळाचं वय १५ दिवस धरा.

हिशोब असा. टँक ५०० घनमीटर, एमएलएसएस (टँकच्या पाण्यात तरंगणारा गाळ) ३५०० मिग्रॅ/लि., म्हणजे गाळ १७५० किलो. त्याला १५ ने भागलं की रोज ११७ किलो बाहेर जायला हवा. रोज १० लाख लिटर पाण्यासोबत १० मिग्रॅ/लि. दराने १० किलो आपोआप जातो. उरलेला १०७ किलो, परतीचा गाळ (तळाशी बसवून टँकमध्ये परत आणला जाणारा) ८००० मिग्रॅ/लि. असेल तर, सुमारे १३ घनमीटर. गाळ काढण्याचं प्रमाण एकदम बदलू नका. रोज १०-१५ टक्क्यांपर्यंतच बदला.

डीओ, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, टँकच्या शेवटच्या टोकाला मोजा. तिथे २ मिग्रॅ/लि. हवाच. क्षारता (पाण्याची आम्ल झेलण्याची क्षमता) विसरलात तर सगळं फसतं: १ मिग्रॅ अमोनिया-नायट्रोजनमागे ७.१४ मिग्रॅ क्षारता खर्च होते. लिटरमागे ३३ मिग्रॅ उतरवायचे तर सुमारे २३६ मिग्रॅ क्षारता लागते. बाहेर पडताना ती ८० मिग्रॅ/लि. च्या खाली गेली की पीएच घसरतो आणि नायट्रिफिकेशन, म्हणजे अमोनियाचं नायट्रेट होणं, मंदावतं. चुना किंवा खाण्याचा सोडा घाला.

गाळाचं वय वाढलं की क्लॅरिफायरमध्ये (गाळ तळाशी बसवणाऱ्या टाकीत) गाळाचे गठ्ठे वर येऊ लागतात. तळाशी साचलेल्या गाळात नायट्रेटचा नायट्रोजन वायू होतो, म्हणून. परतीचा पंप वाढवा, गाळाचा थर कमी ठेवा. जमल्यास आधी विनाहवेची अॅनॉक्सिक टाकी घ्या, निम्म्यापर्यंत क्षारताही परत मिळते.

हार्मोन रोज मोजता येत नाही, तेव्हा बाहेरचा अमोनिया १ मिग्रॅ/लि. खाली आहे का, हे रोज पाहा. प्रत्यक्ष चाचणीसाठी २४ तासांचा मिश्र नमुना, मिथेनॉलने धुतलेल्या गडद काचेच्या बाटलीत, ४ अंशांवर पाठवा, प्लास्टिक नको. आत येणाऱ्या पाण्यात हार्मोनचा काही भाग ग्लुकुरोनाइड किंवा सल्फेटशी (शरीर हार्मोनला जोडून बाहेर टाकतं त्या गटांशी) जोडलेला असतो. नुसतं मोकळं हार्मोन मोजलं तर तो भाग सुटतो आणि बाहेर जास्त निघालं असं वाटतं. म्हणून प्रयोगशाळेला दोन्ही रूपं मोजायला सांगा.

काही हार्मोन गाळालाच चिकटतं, आणि विनाहवेच्या डायजेस्टरमध्ये (गाळ कुजवणाऱ्या बंद टाकीत) ते जवळजवळ फुटत नाही. गाळ पिळून निघालेलं पाणी एकदम टँकमध्ये सोडू नका; दिवसभर थोडंथोडं सोडा.

इतकं करूनही लिटरला ०.१ नॅनोग्रॅमच्या खाली नेण्याची हमी एकट्या गाळावर देता येत नाही. तिथे शेवटी ओझोन किंवा दाणेदार सक्रिय कोळशाचा थर लागतोच.