सातवीचं इंग्रजी: उतारा कळतो, मग मार्क जातात कुठे?

भाचा इंदूरला आमच्याकडेच शिकतो. इंग्रजी बोलतो फाडफाड, पण पेपरात मार्क गळायचे. वार्षिक परीक्षेआधी जुने पेपर काढून बसलो. उतारा त्याला कळत होता, घोडं अडायचं उत्तर लिहिताना. प्रश्न 'व्हेअर डिड रवी गो?', तर याचं उत्तर 'रवी डिड गो टू मार्केट'. उपाय साधा. प्रश्नातल्या 'डिड'वर पेन्सिलीने काट मारायची आणि क्रियापद भूतकाळात न्यायचं: 'रवी वेंट'. 'डज' असेल तर क्रियापदाला 'एस' किंवा 'ईएस'. नकारार्थी उत्तरात मात्र 'डिड नॉट गो' तसंच राहतं; तिथेही तो काट मारायला लागला, तेव्हा वेगळा सराव घ्यावा लागला.

वाचनाचा क्रम उलटा केला. आधी प्रश्न, मग उतारा, आणि उत्तर सापडेल त्या ओळीशेजारी प्रश्नाचा नंबर. शीर्षक सुचवायचा प्रश्न सगळ्यात शेवटी.

नोटीस लेखनात चौकट, तारीख, शीर्षक हे तो पाठ करून लिहायचा, मजकुरात गडबड. सराव म्हणून सराफ्यातल्या, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातल्या, खाऊसहलीची नोटीस लिहायला दिली. पठ्ठ्याने भुट्ट्याच्या किसावर पन्नास शब्द संपवले, जमायचं किती वाजता ते लिहिलंच नाही! आता आधी समासात काय, कधी, कुठे, कोणासाठी एवढं टिपतो, मगच चौकट आखतो. पत्रातला विषय एका ओळीत बसवणं जमलंय. कॅपिटल अक्षरांशी झटापट अजून चालू आहे.