एकच नियम दोनदा लिहू नका: सर्व्हर आणि ब्राउझरमध्ये सामाईक कोड कसा ठेवावा

दूध संकलनाच्या एका ॲपवर मी बरीच वर्षं काम करतो आहे. फॅट आणि एसएनएफचे (दुधातल्या फॅटखेरीज घन भागाचे) आकडे टाकले की ब्राउझरमध्ये लगेच दर दिसतो, आणि नोंद केली की तोच हिशोब सर्व्हरवर पक्का होतो. हे दोन हिशोब दोन ठिकाणी वेगवेगळे लिहिले, तर कधी ना कधी पावतीवर एक आकडा आणि शेतकऱ्याच्या खात्यात दुसरा येणारच. म्हणून कोड एकच हवा. पुढचं सगळं टाइपस्क्रिप्ट (टाइप तपासणारी जावास्क्रिप्ट) आणि नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) धरून लिहिलं आहे.

१. वेगळं पॅकेज करा

एकाच रिपॉझिटरीत तीन भाग ठेवा: सर्व्हर, ब्राउझर आणि सामाईक. एनपीएम या नोडच्या पॅकेज-साधनातल्या वर्कस्पेसेसने हे दहा मिनिटांत होतं. सामाईक भागाने बाकीच्या दोघांकडून काहीही आयात करायचं नाही.

२. आत काय ठेवायचं

फॉर्मचे नियम, डेटाचे टाइप, दराचा हिशोब, चुकांचे संदेश. रकमा पैशांत आणि पूर्णांकात ठेवा. डेटाबेस, फाइली, पासवर्ड, एपीआय की यांतलं काहीही इथे नको. सामाईक पॅकेजमध्ये जे आहे ते ब्राउझरच्या बंडलमध्ये (ब्राउझरला पाठवल्या जाणाऱ्या एकत्रित कोडमध्ये) जाऊ शकतं, आणि बंडल कुणालाही उघडून वाचता येतं.

३. दार बंद करा

सामाईक पॅकेजच्या टीएसकॉन्फिगमध्ये (कंपायलरच्या सेटिंगच्या फाइलीत) ‘लिब’ फक्त ईएस२०२२ म्हणजे मूळ जावास्क्रिप्टपुरतं ठेवा, ब्राउझरसाठीचं ‘डॉम’ काढून टाका आणि ‘टाइप्स’ची यादी रिकामी करा. आता कुणी ब्राउझरचं ‘विंडो’ किंवा नोडचं ‘प्रोसेस’ लिहिलं की कंपायलर तिथेच अडवतो. ‘कन्सोल’सुद्धा अडतो. अडू द्या. लॉग लिहिणं हे या पॅकेजचं काम नाही.

इथवर आलं की काम झालं असं बहुतेकांना वाटतं. मलाही वाटलं होतं.

४. घड्याळ बाहेर काढा

आमच्याकडे एक साधा नियम होता: नोंदीची तारीख आजच्या पुढची नसावी. फंक्शन सामाईक, टेस्ट हिरव्या. तरी एका संकलन केंद्राच्या सचिवांचा फोन येऊ लागला. पहाटे पाच वाजता दूध यायला लागतं, स्क्रीनवर सगळं बरोबर दिसतं, पण ‘नोंद करा’ दाबलं की ‘भविष्यातली तारीख चालणार नाही’ असा संदेश येतो. मी नऊ वाजता बसून तपासायचो, तर सगळं सुरळीत. दोन आठवडे मी नेटवर्कला दोष देत राहिलो. शेवटी सचिवच म्हणाले, “साहेब, साडेपाच वाजले की आपोआप सुरू होतं बघा.”

साडेपाच! भारतीय वेळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, साडेपाच तास पुढे आहे, आणि आमचा सर्व्हर यूटीसीवर होता. १५ मार्चच्या पहाटे ५ वाजून १० मिनिटांनी सर्व्हरच्या लेखी अजून १४ मार्चचे रात्रीचे ११:४० झालेले असतात. ब्राउझर १५ तारीख पाठवतो, सर्व्हरला ती उद्याची वाटते. पुण्यात माझ्या लॅपटॉपवर सर्व्हर आणि ब्राउझर दोन्ही भारतीय वेळेवर, त्यामुळे ही चूक मला दिसणं शक्यच नव्हतं. आणि तारीख-वेळ देणारा ‘डेट’ हा जावास्क्रिप्टचाच भाग असल्यामुळे तिसऱ्या पायरीतल्या कंपायलरनेही ती अडवली नाही.

यावर सर्रास सल्ला मिळतो तो सर्व्हरचा टाइमझोन बदलून टाकण्याचा. तो ऐकू नका. ॲप उद्या नव्या सर्व्हरवर हलवलं, सेटिंग कुणाच्या लक्षात राहिलं नाही, की पहाटेचे फोन पुन्हा सुरू. शिवाय दुबईत बसलेल्या मुलाने वडिलांच्या दुधाची नोंद उघडली, तर त्याचा ब्राउझर वेगळाच ‘आज’ सांगणार. तारखांची लायब्ररी आणूनही हे सुटत नाही. न सांगता सोडलं तर तीही त्या मशीनलाच वेळ विचारते.

खरा उपाय असा: सामाईक फंक्शनने वेळ विचारायचीच नाही. ‘आज’ त्याला बाहेरून द्यायचा. ईएसलिंट या कोड तपासणाऱ्या साधनाच्या ‘नो-रिस्ट्रिक्टेड-ग्लोबल्स’ नियमात ‘डेट’ टाका, म्हणजे कुणी घाईत वापरला तरी अडेल. आजची तारीख काढताना ‘इंटल’च्या (जावास्क्रिप्टमधल्या भाषा-प्रदेशानुसार तारीख-अंक लिहिणाऱ्या भागाच्या) ‘डेटटाइमफॉरमॅट’ला ‘एशिया/कोलकाता’ हा टाइमझोन नाव घेऊन सांगा. दिवस संकलन केंद्राच्या गावचा धरायचा, मशीनचा नाही. फोनची घड्याळं मागेपुढे असतात, म्हणून अंतिम निर्णय सर्व्हरच्या घड्याळाचा.

यात आणखी दोन खड्डे आहेत. पहिला, ‘२०२४-०३-१५’ अशी नुसती तारीख ‘डेट’ला दिली की तो तिला यूटीसीची मध्यरात्र समजतो, आणि त्याच तारखेपुढे ऑफसेटशिवाय (यूटीसीपासूनचा फरक न सांगता) वेळ जोडली की स्थानिक वेळ समजतो. त्यामुळे कॅलेंडरची तारीख मजकूर म्हणूनच ठेवा, तिचं ‘डेट’ करू नका. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहिलेल्या तारखांची तुलना मजकूर म्हणूनही बरोबर होते. दुसरा खड्डा खास आपला. ‘एमआर-आयएन’ (मराठी, भारत) हे लोकेल दिलं की ‘इंटल’ अंक देवनागरीत देतं. स्क्रीनवर ते हवंच. पण तुलनेसाठीच्या तारखेत तेच अंक घुसले, तर एका बाजूला देवनागरी आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी अंक येतात आणि तुलना बिघडते. म्हणून दाखवायचं फंक्शन आणि हिशोबाचं फंक्शन वेगळं ठेवा, आणि हिशोबाच्या फंक्शनला अंकपद्धती ‘लॅटन’ (इंग्रजी अंक) सांगा. जुनं नोड वापरत असाल तर तेही बदला. नोड १३ च्या आधी सर्व भाषांची माहिती मुळातून येत नसे, म्हणून सर्व्हर इंग्रजी अंक छापायचा आणि ब्राउझर मराठी.

५. टेस्ट तीनदा चालवा

त्याच टेस्ट ‘टीझेड’ (मशीनचा टाइमझोन ठरवणारं सेटिंग) बदलून चालवा: एकदा यूटीसी, एकदा कोलकाता, एकदा लॉस एंजेलिस. पहाटे ५:१० ची ती वेळ टेस्टमध्ये कायमची घालून ठेवा.

६. सर्व्हरवरची तपासणी काढू नका

‘कोड एकच आहे, मग दोनदा का तपासायचं?’ असं विचारणारे भेटतात. ब्राउझरमधली तपासणी वापरणाऱ्याच्या सोयीसाठी असते. ती वगळून थेट सर्व्हरला विनंती पाठवणं कुणालाही जमतं.

७. उघडे राहिलेले टॅब

संकलन केंद्रावरचा कॉम्प्युटर कुणी बंद करत नाही. तिथल्या टॅबमध्ये गेल्या आठवड्याचा कोड चालू असतो आणि सर्व्हरवर आजचा. म्हणून नवा रकाना सक्तीचा करायचा असेल, तर आधी सर्व्हरवर तो ऐच्छिक ठेवून सोडा, आठवडाभराने सक्ती करा. प्रत्येक विनंतीसोबत सामाईक पॅकेजची आवृत्ती पाठवा, आणि ती फार जुनी असेल तर नोंद नाकारण्याआधी ‘पान रिफ्रेश करा’ असं मोठ्या अक्षरांत दाखवा. भरलेले आकडे मात्र रिफ्रेशनंतर जागेवर राहिले पाहिजेत, कारण रांगेतल्या माणसाचं दूध तोवर मोजून ओतलेलं असतं.